नावं गाळलेला पट

१२ नोव्हेंबर, बुध.

दिवाळीच्या सुट्टीनंतरचा पहिला धड आठवडा. सातवी ब-च्या चित्रकलेच्या तासाला गणिताचे सर आधीच येऊन बसलेले. माझा तास म्हणजे पडीक जमीन, कोणीही यावं आणि गुरं सोडावीत. भांडले नाही. अंगात त्राण नव्हतं.

घरी येऊन मेल पाहिली. बंगलोरचं एक ऑनलाइन दुकान आहे, जुने कॉम्प्युटर गेम विकतं. त्यांना 'पट' हवाय. माझा जुना मित्र अवि आणि मी, आम्ही अकोल्यात त्याच्या खोलीवर केलेला तो शंकरपटाचा, बैलजोड्यांच्या शर्यतीचा गेम. बैल मी काढले, प्रोग्राम अविने लिहिला, आणि आवाज बाबांचा. बाबा तेव्हा वऱ्हाडभर पटांचे निवेदक. मैदानात माईकवर ओरडायचे तसेच गेममध्ये ओरडले. सीडी निघाली, थोडी खपली, संपलं. वीसेक वर्षं झाली. मला वाटायचं आता तो आम्हा तिघांनाच आठवतो.

बाबांना सांगितलं. त्यांनी स्टीलचा पेला पलंगाच्या दांडीवर दोनदा आपटला. दोनदा म्हणजे हो. एकदा म्हणजे नाही. तीनदा म्हणजे पाणी. गेल्या वर्षीच्या ऑपरेशनपासून आमचं घर असं चालतं. जन्मभर तंबाखूचा खर्रा चघळला, शेवटी डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढून घेतलं. गळ्याला भोक, त्यावर पांढरा रुमाल.

पोळ्या लाटत होते तर फोन वाजला. बाबांचाच मेसेज, पलीकडच्या खोलीतून. "कवा लागन दुकानात".

१६ नोव्हेंबर, रवि.

सकाळच्या गाडीने अकोला. अविचं आता सीसीटीव्हीचं दुकान. भिंतभर कॅमेरे, सगळे आपल्याकडेच बघतात. पोट सुटलंय त्याचं. मला म्हणाला, "तू काहून वाळली एवढी?" मी म्हटलं, माझं पोट तुझ्याकडे आलंय.

मी नेलेली सीडी बुरशीने पांढरी झालेली. त्याच्याकडची बरी होती, पण ती सीडी नकली नाही ना हे तपासणारं जे कुलूप तेव्हा सीडी काढणाऱ्या पुण्याच्या कंपनीने घातलं होतं, तेच आजच्या कॉम्प्युटरवर चालत नाही. कुलपाची किल्ली कंपनीबरोबर गेली. मूळ प्रोग्राम? तो ज्या हार्डडिस्कवर होता ती वहिनींनी दिवाळीच्या साफसफाईत भंगारवाल्याला दिली. कुठल्या दिवाळीत ते त्यालाही आठवत नाही.

मग त्याने हळूच एक साइट उघडली. बेवारशी गेम फुकट वाटणाऱ्यांची. तिथे 'पट'. कोणा अनोळखी माणसाने कुलूप फोडून ठेवलेला. चालतोय!

"आपलाच गेम चोराच्या घरून आनला वं," अवि म्हणाला. हसला.

माझे बैल बघवेनात. शिंगं बरी आहेत, मागचे पाय चुकलेत. पण अविने स्पीकर लावला आणि आवाज आला. "हिवरखेडच्या गणपतरावची जोडीऽऽ, तुफान अन् कलेक्टर, सुटली रे सुटलीऽऽ!" दुकानाबाहेर चहा पिणारा एक म्हातारा आत डोकावला.

"नारायणराव होय ना हे? वारले म्हने ते."

"नाही काका, आहेत. मी त्यांची मुलगी."

त्याने कपाळाला हात लावला. "आवाज नाई आयकला दोन वर्षं, म्हून वाटलं."

१७ नोव्हेंबर, सोम.

गेम लॅपटॉपवर आणला. बाबांच्या मांडीवर ठेवला. सुरू करणार तोच एकदा पेला. नाही.

मी म्हटलं, अहो तुमचाच आवाज आहे. परत एकदा. जोरात. मग फोनवर बराच वेळ एका बोटाने टाइप करत बसले.

"घरात काय आयकाचं. आवाज मैदानासाठी असते. दुकानात लागला का लोक आयकतीन. तवा सांग".

मला राग आला. दिवसभर शाळेत उभं राहून यायचं, वर ह्यांचे मानपान. नंतर अंगणात जाऊन थोडी रडले. तो आवाज लहानपणी मला भर मैदानातून शोधून काढायचा. जोड्यांमधल्या वेळात बाबा माईकवरच म्हणायचे, "शुभी कुठी हाय, तिले भजे द्या." अख्खं मैदान माझ्याकडे बघायचं. मरणाची लाज वाटायची.

२५ नोव्हेंबर, मंगळ.

दुकानाच्या मेनन मॅडम भल्या बाई. इंग्रजीत लिहितात पण चिडत नाहीत. त्यांचं म्हणणं, गेम कोणाचा ते आधी ठरवा. पुण्याची कंपनी बंद पडली. मग हक्क कोणाकडे?

कंपनीचे मालक शोधायला आठवडा गेला. आता ते निवृत्त, नातू सांभाळतात. फोनवर म्हणाले, "अहो बाई, आपला करार फक्त सीडीपुरता होता, आणि तोही सात वर्षांचा. इंटरनेटवर विक्री हा शब्दच नव्हता तेव्हा कोणाच्या डोक्यात. तुमचं तुम्हालाच परत आलंय ते. सही पाठवतो."

आणि खरंच पाठवली. म्हटलं, चला, घोडं गंगेत न्हालं. बाबांना सांगितलं तर दोनदा, मग परत दोनदा.

३ डिसेंबर, बुध.

कुठलं न्हालं घोडं.

मेनन मॅडमनी गेममधला आवाज एका मराठी मुलाकडून समजून घेतला. त्यांचा वकील म्हणतो, या आवाजात खऱ्या माणसांची नावं आहेत, खऱ्या दुकानांची, एका बियाणे कंपनीचं तर सारखं. प्रत्येकाची लेखी परवानगी आणा. माणूस नसेल तर वारसांची.

आता बंगलोरला हे कसं समजवायचं? पटात जोडी सोडण्याआधी मालकाचं नाव घ्यायचं, गावाचं घ्यायचं, बैलांचं घ्यायचं. इनाम लावणाऱ्याचं घ्यायचं. बाबांचा नियमच होता, नाव घेतल्याशिवाय जोडी सुटत नाही. एकदा कुठे तरी आमदार उशिरा आला म्हणून घाईत नाव न घेताच झेंडी पडली, तर बाबांनी धाव परत लावायला लावली होती.

गेमसाठी मी काल्पनिक नावं लिहून दिली होती. त्यांनी कागद परत केला. "हा मानूस हाय का कुठी? नसलेल्याचं नाव घ्याले मी काय नाटकातला हावो?" आणि अविच्या खोलीत, भिंतींना गाद्या लावून, उन्हाळ्यात, पंखा बंद करून, खऱ्या माणसांची नावं घेतली. ज्यांना त्यांनी ओळखलं, ज्यांच्या घरी जेवले, त्यांची. त्यांच्या लेखी तो मान. वकिलाच्या लेखी विनापरवाना वापर.

दोघांचंही बरोबर आहे, हेच वाईट.

६ डिसेंबर, शनि.

बाबांचा स्कॅन. फुप्फुसात उतरलंय. डॉक्टर बाबांसमोरच माझ्याशी इंग्रजीत बोलले. बाबा त्यांच्या तोंडाकडे बघत होते, मग माझ्या. माझा चेहरा मला कधी लपवता आला नाही.

रिक्षात मेसेज. "किती टाइम हाय".

मी म्हटलं, बाबा, ते म्हणाले औषध बदलू...

त्यांनी हात झटकला. परत टाइप. "दुकानाले. दुकानाले किती टाइम हाय".

खरंच दुकानाचंच विचारत होते की नाही, कळलं नाही. मी म्हटलं, फेब्रुवारीत लागेल.

१४ डिसेंबर, रवि.

हिवरखेड. परतवाडा, अंजनगाव, अकोट, दर ठिकाणी गाडी बदल. बाबांना शेजारच्या काकूंच्या भरवशावर ठेवलं.

गणपतराव जाऊन बरीच वर्षं झालीत. मुलगा देविदास भेटला. गोठ्यात आता ट्रॅक्टर. पण ओसरीत गणपतरावांच्या फोटोशेजारी बैलांचाही फोटो, तेवढ्याच मोठ्या चौकटीत, दोघांना सारखंच कुंकू. म्हटलं, यातला कलेक्टर कुठला?

"थो डाव्या अंगाचा. आयकत नसे कोनाचं, म्हून कलेक्टर."

त्याची आई कोपऱ्यात तूर निवडत बसली होती. फार थकलेली. मी फोनवर आवाज लावला. गणपतरावचं नाव आलं आणि तिच्या हातातलं सूप खाली. "आनखीन लाव वं माय." परत लावला. "नारायणभाऊनं नाव घेतलं का हे घरी पेढे आनत. बैल दुसरा आला तरी पेढे." तिसऱ्यांदा लावला तेव्हा पदर डोळ्याला.

देविदासने सही केली, आईने अंगठा दिला. विचारत होता, "बाबाचं नाव अमेरिकेत बी आयकू येईन?" येईल म्हटलं. "मंग आनखीन दोन सह्या घ्या ना." संत्र्यांची पिशवी बांधून दिली, एसटीत कोण उचलणार याचा विचार न करता.

बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी एक संत्रं हातात धरून ठेवलं, खाल्लं नाही.

२१ डिसेंबर, रवि.

बाळापूर. अवि गाडी घेऊन आला होता, अकोल्याहून दोघं गेलो. उत्तमरावांचे दोन मुलगे. शेत कोर्टात, घराच्या मधोमध भिंत, दोन दारं, दोन तुळशी.

थोरला म्हणाला, "सही देतो. पन कागदावर लिहा, उत्तमरावचा वारस मी एकटा."

भिंतीपलीकडून धाकटा बाहेर. "ह्याची सही चालत नाई. बाबाचं नाव माह्या हिश्श्यात हाय."

नावाचे हिस्से! अवि म्हणाला, बापा, आवाजात तुमच्या बाबाचं नाव येते फक्त, जमीन नाही येत. तर थोरला म्हणतो, आज नाव देल्लं का उद्या सातबारा मागन हा. वकिलाला विचारल्याशिवाय कोणीच काही देणार नाही. आणि वकील दोघांचे वेगळे.

चहा दोन्ही घरचा प्यावा लागला. एका घरचा प्यालो असतो तर पुरावा झाला असता.

परत येताना किल्ल्याखालच्या पुलावर अविने गाडी थांबवली. म्हणाला, "शुभा, सोडून देऊ?" पाणी कमी होतं नदीला, खाली दोन बायका गोधड्या धूत होत्या. मग म्हटलं, चल.

२९ डिसेंबर, सोम.

बियाणे कंपनी. ती आता नाहीच. दुसरीने घेतली, तिला तिसरीने. फोन केला की बाई आधी विचारते कोणतं पीक. मी म्हटलं पीक नाही, परवानगी. "कीड की रोग?" म्हणते. शेवटी एका साहेबाने उचलला. म्हणाला, तो ब्रँड आम्ही वापरत नाही, पण दुसऱ्यांना वापरूही देत नाही. असा न्याय.

आणि बाबांनी त्या कंपनीचं नाव जवळपास दर धावेला घेतलंय. तेव्हा त्यांनी पटाला मंडप दिला होता. उपकार विसरणारे नव्हतेच ते.

बाकीच्यांपैकी कापडदुकानवाले सुरतला गेले म्हणतात. धारणीकडच्या जोडीवाल्याचा पत्ता कोणालाच नाही. तिकडे जीपवाल्यांकडे निरोप ठेवलाय. निरोप पोचेल, माणूस असला तर.

४ जानेवारी, रवि.

अविकडे. मी म्हटलं, ज्यांनी नाही म्हटलं तेवढीच नावं काप.

त्याने दिवसभर कापलं. जमत नाही. बाबा एका दमात पाच-पाच नावं घेत. गणपतरावच्या शेपटाला बियाणे कंपनी, तिच्या शेपटाला उत्तमराव. मध्ये श्वाससुद्धा नाही. मागे गर्दीचा गलका आणि हलगी, तेही त्याच ध्वनिपट्टीवर भरलेलं. वेगळं करायला मूळ रेकॉर्डिंग हवं, ते त्याच हार्डडिस्कवर, भंगारात. एक नाव काढलं की शेजारच्याचा अर्धा जीव जातो.

काही सॉफ्टवेअर आहेत म्हणे, आवाज शिकून नवा बनवतात. "काकाच्या आवाजात पाह्यजे थे नाव टाकून देतो." त्याने एक वाक्य बनवूनही दाखवलं. आवाज बाबांचाच. बोलणारा मात्र कोणी पुणेकर बँकवाला वाटत होता. मी म्हटलं, पूस. त्याने लगेच पुसलं. त्यालाही आवडलं नव्हतं.

९ जानेवारी, शुक्र.

मेनन मॅडमची मेल. त्यांनी खूप प्रयत्न केले असं त्यांच्या लिहिण्यावरून वाटतं. म्हणतात, बरेचसे जुने गेम असेच अडकतात. कुठे गाण्याची परवानगी संपलेली, कुठे खेळाडूच्या नावाची, कुठे कोणाचं काय हेच कोणाला ठाऊक नाही. गेम चांगला असतो, लोक मागतात, तरी दुकानात येत नाही. सोपा उपाय एकच, निवेदन पूर्ण काढा. बाकी गेम स्वच्छ आहे. दोन फेब्रुवारीपर्यंत कळवा, नाहीतर या वर्षीच्या यादीतून वगळावा लागेल.

स्वच्छ. हाच शब्द वापरलाय. ऑपरेशननंतर सर्जनही तेच म्हणाले होते, सगळं काढलंय, आता स्वच्छ आहे.

बाबांना वाचून दाखवलं. लपवून काय करणार. एकदा पेला. मग मेसेज, "नाव न घेता जोडी सोडाची? बैल बी सुटनार नाई".

सुटतात बाबा, कॉम्प्युटरचे बैल कशानेही सुटतात. हे मनात म्हटलं.

१४ जानेवारी, बुध.

संक्रांत. तिळगूळ केला, करपला. अविचा फोन. गोड बोलायच्या दिवशीच आम्ही कचकचून भांडलो.

तो म्हणतो बिनआवाजाचा का होईना, लावू. "तुह्ये बैल तरी लोकाईले दिसतीन. माह्यं काम दिसन. आपन बी मेहनत केल्ती ना वं? का काकाचाच होता गेम?"

मी म्हटलं, आवाज काढल्यावर उरतं काय? दोन बैल गुपचूप पळतात. मुक्या जनावरांचा मुका खेळ.

तो म्हणाला, "मंग चोराच्या साइटवर तर हाय ना आवाज. राहू दे तिथीसा."

हो, आहे. बाबांचा आवाज चोराकडे सुखरूप, आणि सावाच्या दुकानात त्याला जागा नाही. मी फोन ठेवला. अविचंही खोटं नाही. तीन उन्हाळे त्याने त्या खोलीत घातले होते.

बाबांनी तिळगुळाची वडी दाढेत धरली आणि फोनवर लिहिलं, "जळली. चांगली हाय".

२५ जानेवारी, रवि.

हे लिहायला हात उठत नाही, पण लिहिते.

बंदी उठल्यापासून पट परत सुरू झालेत. गावाचं नाव लिहीत नाही, त्यांचा दोष नाही. बाबांनी चार दिवस धोशा लावला होता, नेच म्हणून. डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, न्या, आता काय. अविने गाडी आणली. भांडण दोघांनीही काढलं नाही.

प्लॅस्टिकच्या खुर्चीत, मंडपाच्या कडेला बसवलं. गळ्याला रुमाल, धुळीसाठी त्यावर उपरणं. नवा निवेदक तिशीचा, काळा चष्मा, मागे डीजे. पण नावं घेत होता. मालकाचं, गावाचं, सगळं. बाबा मान हलवत होते. एकदा गाव चुकवलं त्याने, तेव्हा मांडीवर हात मारला. चेहरा कित्येक महिन्यांत असा पाहिला नव्हता मी. खडूने काढावा तसा, चार रेघांत स्पष्ट.

जेवणाच्या सुट्टीआधी डीजे थांबला. निवेदक म्हणाला, "मंडळी, आज आपन ज्याईच्यामुळे हा माईक हाती धरला, थे जुन्या काळचे निवेदक, वऱ्हाडची तोफ, कैलासवासी नारायणराव, त्याईले एक मिनिट उभं राहून..."

अख्खं मैदान उभं राहिलं. टोप्या निघाल्या.

मी ओरडायला तोंड उघडलं. बाबांनी माझं मनगट धरलं. त्या हाडांच्या हातात एवढा जोर कुठून आला. मी वाकून म्हटलं, सांगू द्या मला. त्यांनी मान हलवली, नाही. सगळे उभे आणि ते एकटे बसलेले, तर शेजारच्या माणसाने खांद्याला हात लावला. "बुढेबुवा, उठता का? श्रद्धांजली हाय."

आणि बाबा उठले. अविचा हात धरून उभे राहिले, मान खाली घालून, पूर्ण मिनिटभर. स्वतःसाठी.

अवि गाडी काढायला म्हणून गेला तो बराच वेळ आलाच नाही. आला तेव्हा डोळे लाल. येताना बडनेऱ्याजवळ बाबांनी तीनदा खिडकीवर टकटक केली. पाणी दिलं.

२८ जानेवारी, बुध.

तीन दिवस मेसेज नाही. पेलाही फक्त तीनदाच. मला त्या पोराचा राग यावा असं वाटतं, येत नाही. त्याने मानच दिला. नाव घेतलं. बाबा असते माईकवर तर त्यांनीही असंच घेतलं असतं, आणि कोणाला तरी खात्री करून यायला सांगितलं असतं, एवढाच फरक.

जेवण फार कमी झालंय.

३१ जानेवारी, शनि.

अविने नवीन फाइल पाठवली. मी पाठव म्हटलं नव्हतं. सोबत लिहिलंय, "सगळं काढलं. पन एक तुकडा राहू देल्ला. कोनाचीच परवानगी लागत नाई त्याले. तुही लागते. आयक अन् सांग."

हेडफोन शाळेत विसरले. उद्या ऐकते.

१ फेब्रुवारी, रवि.

दुपारी. बाबा भिंतीकडे तोंड करून झोपलेत असं वाटलं, म्हणून आवाज बारीक करून इथेच ओसरीवर लावला.

मैदान आलं. माझे बैल, चुकलेल्या पायांचे. झेंडी. गर्दी नाही, हलगी नाही, नाव नाही. नुसती शांतता. जोडी सुटायच्या आधी, जिथे नावं होती तिथे, बाबा म्हणाले, "शुभे, पानी आन वं. घसा सुकला."

पुढचं मला नीट आठवत नाही. मी स्वैपाकघरात होते, माठातून पेला भरला होता, आणि तो घेऊन बाबांच्या पलंगाशी उभी होते. तिथे उभी राहिल्यावर कळलं की पेला कोणी आपटलाच नव्हता. बाबांचा पेला तिथेच, खिडकीत.

ते जागे होते. माझ्याकडे बघत होते. ऐकलं होतं त्यांनी.

अविच्या खोलीत त्या उन्हाळ्यात, दोन धावांच्या मध्ये, रेकॉर्डिंग चालूच राहिलं असणार. मी दाराशी बसून बैलांची शिंगं रंगवत असायचे. पाणी द्यायला दर वेळी उठायचे आणि दर वेळी कुरकुरायचे. ते कसं कोण जाणे त्याच्याकडे एका कोपऱ्यात वाचलं. इतक्या नावांच्या गर्दीत कोणाची हरकत नसलेलं एकच नाव निघालं, माझं. स्वतःचं तर त्यांनी कधीच घेतलं नाही. निवेदकाने आपलं नाव घ्यायचं नसतं म्हणायचे.

बाबांनी पेला घेतला. सगळं पाणी प्यायले, हळूहळू. मग लॅपटॉपकडे बोट केलं. घरात आवाज ऐकायचा नसतो म्हणणारे. मी लॅपटॉप त्यांच्या उशाशी आणला, परत लावला. परत. मला राहवेना, मी दुसऱ्यांदाही उठले होते अर्धी.

मेनन मॅडमची मुदत उद्या. हा असाच पाठवला तर महिन्याभरात दुकानात लागेल. गणपतराव नाहीत, कलेक्टर नाही, हिवरखेडची म्हातारी वाट बघत राहील. जगभरच्या लोकांना एवढंच कळेल की इथे एक माणूस होता आणि त्याला तहान लागली होती. नाही पाठवला तर तेही नाही. आणि पुढच्या वर्षीचं आता कोणी बोलू नये.

विचारलं, बाबा, पाठवू? एकदा की दोनदा?

त्यांनी पेला खाली ठेवला. आवाज न करता. फोन उचलला, चष्मा शोधला, आणि मला हाताने खूण केली, तिकडे जाऊन बस.

ओसरीवर बसलेय. फोन समोर. पडद्यावर त्यांच्या नावाखाली 'टाइप करत आहे' असं येतंय. जातंय. परत येतंय. बरंच मोठं लिहितायत काहीतरी. मी एवढंच विचारलं होतं, एक की दोन.